मावसाजींच्या हाताची ग्रेड

वर्धा जिल्ह्यात अशी एकही वस्तू नसेल, जिला आमच्या मावसाजींनी ग्रेड दिली नाही. वस्तू तर सोडाच, पण माणसं, गावं, ऋतू, लग्नातली जेवणं, पुढाऱ्यांची भाषणं आणि दुपारच्या झोपा, सगळं त्यांच्या चिमटीतून गेलेलं आहे. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान, मुक्काम नाचणगाव, पुलगावला अगदी खेटून. चाळीसेक वर्षं ते कापसाचे ग्रेडर होते. गाडीतला कापूस हातात घ्यायचा, रंग पाहायचा, कचरा पाहायचा, ओल किती आहे ते तळव्याला विचारायचं, मग एक छोटा पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा, आणि धागे सरळ झाले की नुसत्या नजरेनं त्यांची लांबी सांगून टाकायची. त्यावरून मालाची प्रत ठरायची. काम एवढंच, पण ते त्यांनी कधी नोकरीच्या वेळेपुरतं ठेवलं नाही, आणि आम्हा नातेवाइकांची तक्रार होती ती त्याबद्दल.

एसटीत बसले की शेजारच्या अनोळखी माणसाची कॉलर चिमटीत धरायचे. "मिक्स हाय. उन्हाळ्यात अंगाले चिकटन," असं त्याला हळूच सांगायचे, जणू काही त्याच्या घरची वाईट बातमी सांगताहेत. तो बिचारा पुढच्या थांब्यावर जागा बदलायचा. कुणाकडं मुक्कामाला गेले की आधी उशीची शिवण उसवून आतला माल पाहणार आणि मगच डोकं टेकणार. मला पाहायला मुलगा आला तेव्हा सगळे त्याला नोकरी विचारत होते, शिक्षण विचारत होते. मावसाजींनी फक्त त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. तो मुलगा घाबरून माझ्या बाबांकडं पाहायला लागला. मग हे उठून स्वयंपाकघरात आले आणि मला म्हणाले, "रंग मध्यम. कचरा नाई. धागा लांब हाय. घेऊन टाक." बावीस वर्षं झाली, ग्रेड बरोबर निघाली, आणि हे मी आजवर त्या दोघांपैकी कुणालाच कळू दिलेलं नाही. उगाच चढून बसतील.

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडं राहायला जायची. दुपारी अंगणात बाज टाकून आम्ही दोघं उताणे पडायचो आणि ते मला ढगांची ग्रेड सांगायचे. "तो पाह्य, पहिल्या वेचणीचा. सफेद झक्क, पत्ती-कचऱ्याचं नाव नाई. त्याच्या बाजूचा दुसऱ्या वेचणीचा. अन् तो खालचा मळकट, तो फरदड." फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर झाडांवर राहून गेलेला शेवटचा, थकलेला कापूस. मी विचारायची, ढगांची सरकी कुठं काढतात? ते म्हणायचे, "नागपूरकडं. म्हणून तं तिकडं एवढा धूर असते." मला ते खरं वाटायचं. अर्धवट झोपेत डोळ्यांवर ऊन यायचं, कुठून तरी कापसाचं एखादं तूस तरंगत नाकावर येऊन बसायचं, आणि ते आकाशातूनच पडलं अशी माझी खात्री असायची. अजूनही ऑक्टोबरात वर पाहिलं की माझ्या तोंडात आपोआप ग्रेड येते. विज्ञानाची शिक्षिका आहे मी सेलूच्या शाळेत, पोरांसमोर जीभ आवरावी लागते.

खरेदी केंद्रावर मात्र हा ढगांत रमणारा माणूस भलताच कडक होता. शेतकरी गाडीवर वरच्या थराला चांगला कापूस लावायचे आणि खाली ओला, किडका, कवडीचा. मावसाजी गाडीपाशी गेले की बाही वर करून हात थेट खांद्यापर्यंत आत खुपसायचे आणि तळातला माल उपसून बाहेर काढायचे. "वरचा माल देखणाच असते बाप्पा. मले तळचा दाखव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हंगामात कुणाच्या हातचा चहा घ्यायचे नाहीत, स्वतःचा बाटलीत भरून न्यायचे. मावशी म्हणते, हंगामात तिनं त्यांच्या भुवया कधी काळ्या पाहिल्याच नाहीत, सदा पांढऱ्या. रिटायर झाल्यावर दसरा उलटला की आजूबाजूचे शेतकरी विकायला जाण्याआधी फडक्यात थोडा कापूस बांधून त्यांच्या अंगणात येऊन बसायला लागले. मावसाजी ओढून पाहायचे, सांगायचे. फुकट. "ग्रेडर साहेबानं सांगतलं" म्हटलं की व्यापारीही फारशी हुज्जत घालायचा नाही. साऱ्या पंचक्रोशीनं त्यांच्या दोन बोटांवर टाकलेला हा विश्वास हेच त्यांचं वैभव होतं. दुसरं काही त्यांनी जमवलं नाही.

आणि या बोटांपायीच आम्ही सगळे फसलो.

तीनेक वर्षांपूर्वी मावसाजी बसल्या जागी उजव्या हाताचं बोट अंगठ्यावर फिरवायला लागले. पुढं-मागं, पुढं-मागं, न थांबता. दुसऱ्या एखाद्या घरात लोक धावत दवाखान्यात गेले असते. आम्ही कौतुकानं हसलो. मावशी आल्या-गेल्याला दाखवायची, "पाहा, बसल्या जागी कापूस ओढून राह्यले. जन्माची खोड." मी तर त्या बोटांचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, 'रिटायर झाले तरी ड्यूटी सुरूच!' सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. आता तो व्हिडिओ मी पुसून टाकलाय, पण आठवला की अजून कानशिलं तापतात. बरं, बाकीही काय काय दिसत होतं. आवाज खाली गेला, आम्हाला वाटलं, वयानं शांत झाले. पावलं आखूड पडायला लागली, आम्हाला वाटलं, चप्पल नवी आहे. माझ्या विनोदांना हसेनात, तर मला वाटलं, विनोद जुने झाले असतील.

शेवटी ओळखलं ते न्हाव्यानं. दाढीला साबण लावता लावता आरशात पाहून तो म्हणाला, "मावसाजी, दोन सालांपासून पाहून राह्यलो, तुमी कापूस ओढून राह्यले. पण कापूस कुठं हाय?"

मावसाजींनी खाली पाहिलं. चिमटीत काही नव्हतं. मावशी सांगते, घरी आले ते दुसऱ्या हातानं तो हात धरूनच आले, अर्धी दाढी तशीच.

मोठ्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना उठवून, बसवून, चालवून, बोटं आपटायला लावून पाहिलं आणि पार्किन्सन म्हणून सांगितलं. मावसाजींनी ते नाव दोनदा मनाशी म्हणून पाहिलं आणि विचारलं, "देशी हाय का हायब्रिड?" बाई हसल्या. मग गोळ्या दिल्या आणि उजव्या मनगटावर एक काळा पट्टा बांधला. घड्याळासारखाच, पण त्यावर काटे नाहीत, आकडे नाहीत. हात किती थरथरतो, किती सावकाश हलतो, झोप कशी लागते, हे सगळं तो दिवसरात्र टिपून ठेवणार. गोळीच्या वेळी तो गुरगुरणार, आणि गोळी घेतली की त्याचं बटण दाबायचं. दर रविवारी मी नाचणगावला जायचं, पट्टा चार्ज करायचा, त्यातली नोंद माझ्या फोनवर उतरवून बाईंकडं पाठवायची, असं ठरलं. विज्ञानाची शिक्षिका ना मी! व्हिडिओ काढणारी.

या पट्ट्याला मावसाजींनी पहिल्या दिवसापासून वरून आलेला इन्स्पेक्टर मानलं. तो गुरगुरला की हातातला घास ठेवून ताठ बसायचे. गोळी घ्यायचे, बटण दाबायचे आणि मनगट तोंडाशी नेऊन सांगायचे, "सकाळची गोळी घेण्यात आली आहे. वेळेवर. साक्षीदार, पत्नी." एरवी अस्सल वऱ्हाडीत बोलणारा हा माणूस पट्ट्याशी मात्र पंचनाम्याच्या मराठीत बोलायचा. मी परोपरीनं समजावलं की तो ऐकत नाही, फक्त हालचाल पाहतो. त्यावर म्हणाले, "तुले काय मालूम? साहेब लोक आइकत नाई असं दाखवते." मावशी शेजारणीशी काही खासगी बोलायचं असलं की आधी त्या मनगटावर टॉवेल टाकायची. पारावर कुणी वेळ विचारली तर मावसाजी ऐटीत म्हणायचे, "हे वेळ नाई सांगत. माणूस कसा हाय ते सांगते." विचारणारा दोन पावलं मागं सरकायचा.

पट्ट्यानं एक गोष्ट मात्र आम्हाला सांगितली, जी मावशीनं कुणालाच सांगितली नव्हती. पहाटे पहाटे नोंदीत हालचालीचे उंचच उंच डोंगर दिसायचे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मावशी आधी लाजली, मग म्हणाली, "दिवसा ह्यायचा आवाज आइकू येत नाई, मले तोंडापाशी कान न्यावा लागते. अन् झोपेत असे दणकून बोलतेत! 'गाडी मांगं घे! हा ढीग अलग कर!' हात हवेत चालतेत. मी नाई उठवत. पडल्या पडल्या आइकतो. तेवढाच जुना आवाज आइकायले भेटते." या दुखण्यात माणसं स्वप्नातलं काम हातापायांनी करतात, त्यांना लागू नये म्हणून गादी खाली जमिनीवर घाला, असं बाईंनी समजावलं. मला मात्र पुढं कितीतरी दिवस तेच दिसत राहिलं, पहाटेच्या अंधूक उजेडात हवेतला कापूस ओढणारे दोन हात आणि शेजारी डोळे मिटून ऐकत पडलेली मावशी.

मावसाजींना मात्र झोपेची, पायांची, आवाजाची कशाचीच पर्वा नव्हती. त्यांनी बाईंना एकच विचारलं होतं, "मॅडम, हाताचं सांगा. हातावर भरोसा ठेवता येईन का?" बाई म्हणाल्या, महिनाभराची नोंद पाहू, मग बोलू. झालं! मावसाजींनी घरी येऊन जाहीर केलं की घड्याळानं हाताला चांगली ग्रेड दिली तरच यंदा अंगणात कापूस पाहीन, नाहीतर नाही. "खराब काट्यावर कोणी माल मोजते का?" दसरा तोंडावर आला होता. मावशीला ठाऊक होतं की अंगण बंद झालं तर हा माणूस घरात बसून झिजणार. मलाही ठाऊक होतं.

आणि मग नोंद सुधारायला लागली. एका रविवारी थोडी, पुढच्या रविवारी बरीच, आणि तिसऱ्या रविवारी तर थरथरीची रेघ तळ्यातल्या पाण्यासारखी सपाट. मी आनंदानं ओरडलेच. मावसाजींच्या उजव्या मुठीत कापसाचा एक पुंजका होता. तो जेवतानाही बाजूला ठेवला नव्हता, डाव्या हातानं जेवत होते. उशाशी कापूस, खिशात कापूस, बाजेवर, पायरीवर, पाण्याच्या माठाजवळ कापूस. मला वाटलं, हंगाम आला, माणूस रंगात आला. दुसऱ्यांदा तीच चूक केली मी, त्याच माणसाच्या त्याच बोटांबद्दल! या दुखण्यातली थरथर हात रिकामा असताना जास्त येते, हाताला काम दिलं की बरेचदा ओसरते, हे बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मावसाजींनी ते स्वतःच शोधून काढलं होतं. कापूस चिमटीत धरून बारीक ओढत राहिलं की पट्टा गप्प बसतो.

बाईंनी फोनवर अभिनंदन केलं. म्हणाल्या, "काका, फारच छान! औषध वाढवायची गरज दिसत नाही. हात उत्तम आहे तुमचा." इकडं पाय मात्र जड होत चालले होते. पट्टा मनगटावर, त्याला पायांचं काय कळणार? उंबऱ्यापाशी आले की पावलं जमिनीला चिकटायची. मावशी समोर उभी राहून "एक, दोन, चला" म्हणायची तेव्हा कुठं सुटायची. न्हाणीत एकदा पडलेही होते. दोघांनी मिळून ते माझ्यापासून लपवलं, शाळेतल्या पोरांनी फुटलेली काच लपवावी तसं.

दसऱ्यानंतर अंगण भरलं. पहिल्याच आठवड्यात एक तरुण शेतकरी फडक्याऐवजी अख्खं पोतंच घेऊन आला. वरचा कापूस चांदण्यासारखा होता. मावसाजींनी सवयीनं बाही सारली, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि तळातून मूठभर ओला, पिवळट कापूस बाहेर काढला. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला. "काऊन रे? वरचा माल दाखवून राह्यला? मले? मले दाखवून राह्यला वरचा..."

वाक्य तिथंच थांबलं. मूठ तशीच हवेत. त्या पोराला वाटलं, आता शिव्या पडतील. मावसाजी सावकाश खाली बसले, मुठीतला कापूस पोत्यात परत ठेवला आणि म्हणाले, "घरी जाय. सुकवून आणजो." त्या दिवशी मग त्यांनी कुणाचंच फडकं सोडलं नाही. मावशीनं मला फोन केला, "जेवत नाई वं, बोलत नाई. तुले बलावते. दवाखान्यात जाऊ म्हणते."

दवाखान्यात त्यांनी खुर्चीवर बसायला नकार दिला. टेबलापाशी उभे राहिले, खिशातला सगळा कापूस काढून बाईंच्या कागदांवर ठेवला आणि त्या खालावलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मी तुमच्या घड्याळाले वरचा माल दाखवला. तळाशी भिजेल हाय. लिहून घ्या." मग एकेक सांगितलं. मूठ, उंबरा, न्हाणी, सगळं. ऐकता ऐकता बाईंना आधी हसू आलं, मग आलं नाही. मी शेजारी उभी राहून नुसती संतापत होते. त्यांच्यावर, मावशीवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. त्यांचं सांगून झालं तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, चाळीस वर्षांत किती जणांनी स्वतःहून तळचा माल दाखवला तुम्हाला?" मावसाजींनी खरंच आठवून पाहिलं. "दोघं होते," म्हणाले.

बाईंनी सांगितलं, आठ दिवस हात रिकामा ठेवा, जसा आहे तसा. ते आठ दिवस मी शाळेत रजा टाकून तिथं राहिले आणि इतका अवघड उपास मी कुणाला करताना पाहिला नाही. वेचणी ऐन भरात. अंगणात माणसं फडकी घेऊन बसलेली, आणि हे बाजेवर, मांडीवर उजवा हात उघडा टाकून, तो आपला चालूच. पहिल्या दिवशी त्यांनी त्यावर दुपट्टा ओढला, थोड्या वेळानं स्वतःच काढला. लोकांना म्हणायचे, "आठ रोज थांबा. माह्यी तपासणी चालू हाय." लोक थांबले. दुपारी ऊन कलायचं, फडक्यांमधून तूस उडून अंगणभर तरंगत राहायचं, आणि सगळी माणसं गुपचूप त्या हाताकडं पाहत बसायची, नदीकडं पाहत बसतात तशी. रविवारी मी नोंद उतरवली. रेघ वरपासून खालपर्यंत नुसती ओरबाडलेली. मला ती दाखवायची नव्हती. त्यांनी फोन मागून घेतला, चष्मा लावला, खूप वेळ पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी समाधान दिसलं. "हा खरा," म्हणाले. "नमुना बरोबर घेतला."

औषध बदललं, वेळा बदलल्या, महिन्याभरात पाय सुटले. एका संध्याकाळी मला बसपर्यंत सोडायला ते चालत आले, उंबरा एका दमात ओलांडून, आणि मला इतका आनंद झाला की मी बसमध्ये शेजारच्या बाईला उगाचच पेरू दिला. थरथर कमी झाली, पण गेली नाही. मग त्यांनी मला एक काम सांगितलं. जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनवर लांबी मोजलेले कापसाचे सात नमुने आणायचे, आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या पोटात ठेवायची. मशीनपुढं ते आजवर कधी हरले नव्हते. त्यांनी सातही नमुने ओढले, सात आकडे सांगितले, मी चिठ्ठ्या काढल्या. तीन चुकले. थोडेथोडके नाही, चांगलेच चुकले. मी म्हटलं, आज थकलेत, उद्या पाहू. ते म्हणाले, "नाई. तीन गाड्या बुडाल्या असत्या." चिठ्ठ्या नीट घडी करून माझ्या हातात दिल्या आणि दुसऱ्या दिवशी अंगणात जमलेल्यांना हात जोडून सांगितलं, "आजपासून माह्या हातावर कोणी जाऊ नोका. तो आता पहिल्यासारखा नाई." बोटांत पकडायला काहीच नसलेला तो हात, दुसऱ्या हाताला जोडलेला, सगळ्यांसमोर हलत होता. परतीच्या बसमध्ये मी रडले. घड्याळाला शिव्या दिल्या, न्हाव्याला दिल्या, त्या निर्दोष डॉक्टरीणबाईंनाही दिल्या.

अंगण मग ओस पडलं. निदान मला तसं वाटलं होतं. थंडी पडल्यावर एका रविवारी मी गेले तर फाटकाशी कापसानं भरलेली ट्रॉली उभी. नदीकाठचे एक मोठे शेतकरी, जुनं नावाजलेलं घराणं, साठीचे गृहस्थ, फडकं घेऊन मावसाजींसमोर उभे होते. मावसाजी त्यांना समजावत होते, "भाऊ, मी आता पाहत नाई. खोटं सांगीन मी."

"ग्रेड कोण मांगून राह्यलं ग्रेडर साहेब?" ते म्हणाले. "ग्रेड मशीन सांगन. तुमी हात लावून द्या फक्त. आमच्या घरचा माल तुमचा हात लागल्याशिवाय आजपावेतो कुठं गेला नाई."

त्यांनी फडकं सोडून पुढं धरलं. मावसाजींनी हात लावला. चिमूट नाही, ओढणं नाही, अख्खा तळवा. थोडा वेळ तसाच ठेवला. पाहुण्यांनी फडकं पुन्हा बांधलं, ट्रॉलीवर चढून तो कापूस ढिगाच्या मधोमध नीट ठेवला, आणि मावसाजींना जय भीम घालून निघून गेले.

ट्रॅक्टरचा आवाज दूर गेल्यावर मावसाजी सहज बोलावं तसं म्हणाले, "याच्या आज्याच्या गाडीले माह्या आज्याचा हात लागला होता एकडाव. चाक फसलं म्हणून धक्का द्याले गेला. तं त्यायनं भरल्या गाडीवर पाणी शिंपडून घेतलं."

आत भाकऱ्या थापणारी मावशी थांबली. "हे तं तुमी मले कधी सांगतलं नाई," ती दारात येऊन म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात नाही सांगितलं! मला राग नेमका कुणावर करायचा तेच कळत नव्हतं.

मावसाजी मात्र हसले. "त्यात काय सांगायचं? वल्ला झाला कापूस. ग्रेड त्यायचीच पडली." मग बाजेवर आडवे झाले, उजवा हात पोटावर उघडा टाकला आणि तो हलत असतानाच डोळे मिटून घेतले.